ज्या पायांना विस्तव लागला नाही

त्या वर्षी मी फार थकलो होतो. गुऱ्हाळावर राबून माणूस दमतो, झोपतो, ताजा होऊन उठतो. माझा थकवा मात्र झोपेनेही उतरत नव्हता. पाऊल कापसावर पडल्यासारखं पडे. चपला वाटेत निसटत आणि मी अनवाणी घरी पोचे. "चपला कुठं टाकल्या?" बायको विचारी. मला ठाऊकच नसे. देवी रुसली की काय, या शंकेने मन पोखरलं होतं.

कोल्हारजवळच्या आमच्या गावात यात्रेला देवीपुढे निखाऱ्यांचा चर पेटवतात. नवस बोललेले त्यावरून धावत सुटतात. आदल्या यात्रेत मी त्यावरून राजासारखा सावकाश चाललो, वर मधे थांबून गर्दीकडे पाहिलं! प्रेक्षक दिसले की मला आवरत नाही. नंतर फोड आले, पण ते दुखले नाहीत. मग त्यांच्याकडे बघतो कोण? लोक माझ्या पायांवर डोकं टेकवू लागले. त्यांच्या कपाळाचा स्पर्शही मला जाणवत नसे. वाटलं, वैराग्य म्हणतात ते हेच. देवी रुसलेली नाही, याचा पुरावा माझ्यापाशी तेवढाच होता.

म्हणून त्या वर्षी, तशा थकव्यातही, मी पुन्हा उतरलो. नगर-मनमाड रस्त्यावर एक मोटार बिघडली होती. तिच्यातल्या डॉक्टरीणबाई वेळ काढायला यात्रेत आल्या होत्या. मी चर ओलांडून हात उंचावले, तोच त्या गर्दीतून घुसल्या आणि त्यांनी माझा पाय धरला. मला वाटलं, ह्याही दर्शनाला! त्यांनी बोटांच्या बेचक्यात अडकलेला निखारा काडीने उडवला. जळल्याचा वास सगळ्यांना आला. मला दुखलंच नाही.

त्यांनी मला पारावर बसवलं. "डोळे मिटा. कापूस लावला की 'लागला' म्हणा, टाचणी टोचली की 'टोचली' म्हणा."

मी ऐटीत सुरू झालो. "लागला! टोचली! लागला!"

बायको खो खो हसली. "आवं, बाईंनी अजून हातच लावला न्हाई!"

मग टाचणी खरोखर टोचली, तेव्हा मी गप्प होतो. अंगठा वर वळवला की खाली, तेही सांगता येईना. शेवटी त्यांनी पिशवीतला दोन दातांचा लोखंडी काटा वाजवून माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवला. तिथे तो भुंग्यासारखा गुणगुणला. घोट्यावर टेकवला, तर काहीच नाही. बायकोचं हसणं थांबलं.

"पायांच्या नसा बधिर झाल्यात. लघवीला मुंग्या लागतात?"

"व्हय," बायको म्हणाली.

"मधुमेह दिसतो. नगरला दवाखान्यात चला. जखम चिघळली तर पाय जाईल."

"मंजी, देवीची किरपा न्हवती ती?" मी विचारलं.

बाई पट्टी बांधत होत्या. "ते मला कसं कळणार? माझी मोटार मात्र इथंच बंद पडली."

करंगळी गेली, पाय राहिला. थकवा आहेच, पण शंका नाही. आता यात्रेला मी जोडा घालून देवळाबाहेरूनच हात जोडतो आणि पुजारी अंगारा आणून लावतो. रोज दिवेलागणीला बायको माझी पावलं मांडीवर घेऊन काटा, फोड, चीर शोधते. तेवढा वेळ मी डोळे मिटून बसतो. तिचा हात पायावर आहे की नाही, मला कळत नाही. तो आहे, एवढं मी मानतो.