मागच्या सीटवरचं वजन

आधीच सांगते, या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचत आलेय, आणि बहुतेक किस्से वाचून हसलेच आहे. सुनसान रस्त्यावर लिफ्ट मागणारी बाई, पिंपळाखालचा म्हातारा... सॉरी, पण नाही पटत. मी पायलट आहे. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर विमान वर नेत नाहीत. त्यामुळे खालचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसले असते.

पायलट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं ना – कडक युनिफॉर्म, चाकांची बॅग, मोठ्या शहरात फ्लॅट – ते पुसून टाका. मी अमरावतीची. भातकुली रोडला आमचं थोडं वावर, त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध. अंबादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आईचं हारांचं दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी पाट आणि वर ताडपत्री. माझं लायसन्स होईपर्यंत घरातलं काय काय गेलं ते इथे उगाळत नाही. लायसन्स झालं, आणि मोठ्या एअरलाइन्सनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे अनुभवाचे तास मागतात, आणि तास व्हायला आधी कोणीतरी विमान हातात द्यावं लागतं.

ते दिलं एका छोट्या कंपनीनं. चार सीटचं, एका पंख्याचं जुनं विमान, अमरावतीच्या विमानतळावर, बेलोऱ्याला उभं असायचं. काम म्हणजे वरून जमिनींचे फोटो काढणाऱ्यांना नेणं आणि हौशी लोकांना चक्कर मारून आणणं. पगार सांगत नाही, सांगितला तर तुम्हाला टायपिंगची चूक वाटेल. कंपनीचे मालक म्हणजे आमचे साहेब; त्यांचा ड्रायव्हर दिवाळीला मला मिठाईचा पुडा द्यायचा, आणि तो दया येऊन द्यायचा असा मला अजून संशय आहे.

“मॅडम, पॅशन असलं की पैसा मागून येतो,” साहेब म्हणायचे. पॅशन होतंच, खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा एकटीनं विमान वर नेलं तेव्हा मी मोठमोठ्यानं गात होते. साहेबांनी नेमकं तेच हेरलं. ज्याला मनापासून आवडतं, तो कमी दिलं तरी येतो. विमान पुसायचं, पाहुण्यांना चहा द्यायचा, त्यांच्या पोरांची ओकारी काढायची... घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय!

या सगळ्यात माझ्या बाजूनं ठाम उभी होती ती एकटी आई. नातेवाइकांशी भांडून तिनं मला शिकवलं. आमच्याकडे कोणी नवी गाडी घेतली की पहिला हार तिच्या हातचा, मग ट्रॅक्टर असो की स्कूटी. मग पोरीच्या विमानाला हार नको? मी कामावर रुजू झाले त्या दिवशी तिनं मनगटाएवढा जाड झेंडूचा हार ओवला, मध्ये लिंबू-मिरची, आणि ऑटो करून थेट गेटवर हजर. पंख्याला घालायचा म्हणे! गार्डनं अडवलं. मी धावत गेले, तिला समजावलं की पाकळ्या इंजिनात गेल्या तर विमानाला धोका असतो.

“मंग निंबू तरी बांध,” ती म्हणाली. “इमानाले नजर लागत नाई का?”

तो हार तिनं संध्याकाळी एका स्कूटीवाल्याला विकून टाकला. मला वाईट वाटलं, तिला काही नाही. तिचं मागणं एकच होतं. “हार राहू दे. एक डाव मले तुह्या मांगं बसव. वरून आपलं वावर कसं दिसते, थे पाह्यतो अन् उतरतो.”

यासाठी मी साहेबांकडे किती वेळा तोंड वेंगाडलं, मोजलं नाही. अकोल्याचे पाहुणे असले की विमान इथून रिकामं जायचं, अकोल्याजवळ शिवणीच्या धावपट्टीवर त्यांना घ्यायचं. मागच्या सीट नुसत्या हवा खात जायच्या. पण साहेबांचं उत्तर ठरलेलं – “इन्शुरन्स, मॅडम. स्टाफच्या फॅमिलीला सुरुवात केली तर थांबायचं कुठे?” ठीक आहे, नियम तो नियम. आणि मग एका रविवारी त्यांच्या मित्राचा लॅब्राडोर, चांगला दांडगा, त्याच मागच्या सीटवर बसून चक्कर मारून आला. केस मी काढले.

त्याच आठवड्यातली ही गोष्ट. हिवाळ्यातली सकाळ, लख्ख ऊन. मी एकटी विमान घेऊन अकोल्याला निघाले होते.

इथे एक गोष्ट समजून घ्या. लहान विमानात मागे कोणी बसलं की शेपटीकडे वजन वाढतं आणि नाक आपसूक वर जाऊ बघतं. ते आवरायला ट्रिम नावाचं एक छोटं चाक असतं, ते थोडं पुढे फिरवायचं. मी एकटी असताना ते कुठे ठेवायचं हे माझ्या हाताला पाठ आहे, जसा आपल्या घराचा जिना अंधारात पायाला पाठ असतो. त्या दिवशी चाकांनी जमीन सोडताच विमानानं नाक वर काढलं. मी ट्रिम पुढे केलं. अजून पुढे केलं. चांगलं मोठं माणूस मागे बसल्यावर जिथे ठेवावं लागतं, तिथे गेल्यावर विमान सरळ झालं. मागे वळून पाहिलं, सीट रिकाम्या. मेकॅनिक मागच्या सामानाच्या कप्प्यात हत्यारांची पेटी विसरला असणार, असं म्हणून मी चार शिव्या हासडल्या.

बडनेरा मागे पडल्यावर विमान जरा उत्तरेला घेतलं. मी नेहमी घ्यायचे, वावर दिसावं म्हणून. काळ्या जमिनीत आमचा झेंडूचा पिवळा तुकडा दिसला, आणि काय झालं कुणास ठाऊक... बांध फुटला. कुत्रा बसतो आणि माझी आई बसत नाही! पण रडू नुसतं त्याचं नव्हतं. कित्येक महिने जे मी स्वतःलाही सांगत नव्हते, ते त्या दिवशी तोंडातून निघालं. मी हेडसेट काढून मांडीवर ठेवला आणि बोंबलले, “मला नाही आवडत हे आता. अजिबात नाही आवडत. आईला कसं सांगू?” रेडिओवर बोलायचं बटण दाबलेलं नव्हतं. इंजिनच्या आवाजात माझं मलाच धड ऐकू येत नव्हतं.

मग नाक पुसलं, हेडसेट घातला, शिवणीला उतरले. पहिलं काम म्हणजे सामानाचा कप्पा उघडला. आत विमानाचं कापडी कव्हर, बाकी काही नाही. पाहुण्यांना चक्कर मारून आणली आणि दुपारी पुन्हा एकटी अमरावतीला आले. तेच विमान, तेच कव्हर. येताना ट्रिम नेहमीच्या जागेवर होतं.

नोकरी सोडायची हे परत येतायेताच ठरलं होतं. फक्त आईला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. दुकानावर पोचले तर शेजारचे नारळवाले सुधाकरभाऊ आधी बोलले. “तुह्या मायले दवाखान्यात ने वो. सकाऊन सुई हातात धरून दगडावानी बसून होती. गिऱ्हाईक वापस गेलं, मी हाका मारल्या, हू नाई का चू नाई. अन् मंग डोये पुसत उठली.”

आई हार ओवत होती. मान वर न करता म्हणाली, “थे कानाचं काढून मांडीवर कायले ठेवलं होतं तू?”

“तुले कोनं सांगतलं?” मी विचारलं.

“सांगन कोन? मी तुह्या मांगंच बसली होती.” तिनं दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडली. “आईले कसं सांगू, मने. सांगतलं ना आता? मंग झालं. नसन आवडत तं सोडून दे. माह्यासाठी नोको उडू.”

मी नोकरी सोडली नाही. इतकं सोसून जमवलेले तास पाण्यात घालायचे, हे धाडस झालं नाही. आईनं पुन्हा विषय काढला नाही. पण विमानात बसव म्हणायचंही तिनं त्या दिवसापासून बंद केलं.

मग उन्हाळ्यात साहेबांना एकाएकी स्टाफचा पुळका आला. जाहिरातीसाठी हसऱ्या कुटुंबांचे फोटो हवे होते. आता इन्शुरन्स आडवा आला नाही. मी आईला जवळजवळ ओढतच बेलोऱ्याला नेलं. नवं लुगडं नेसून ती विमानाजवळ उभी राहिली, पंखावरून हात फिरवला, आणि म्हणाली, “मी नाई बसत. मी एक डाव बसून आली.”

फोटोवाला खोळंबला होता, साहेब घड्याळ दाखवत होते. मी चिडले. “बसून आली ना? मंग सांग, वरून कसं दिसलं आपलं वावर? पिवळं दिसलं का? पहाड दिसले का?” खरं सांगते, ती चुकावी म्हणून विचारत नव्हते. तिनं काहीतरी पाहिलेलं असावं, एवढंच मला हवं होतं.

“वावर कोन पाह्यते?” आई म्हणाली. “तू रडून राह्यली होती. मी तुह्या पाठीकडं पाह्यत होती. हात फिरवाव मनलं तं पुरे नाई, पट्टा बांधेल होता.”

आणि ती गेटकडे चालू लागली. रिकाम्या सीटचे पट्टे आम्ही बांधूनच ठेवतो, सैल असले की विमानात आपटतात. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं, ती विमानाच्या आत कधी गेली नव्हती. तिच्या सीटवर साहेबांनी ऑफिसातल्या कोणाला तरी बसवलं. जाहिरात छान झाली म्हणतात, मी पाहिली नाही.

ट्रिमचं कारण मी दोन इंजिनियरांना विचारलं. वारा असेल, म्हणाले. त्या सकाळी पान हलत नव्हतं. आईला झोप लागून स्वप्न पडलं असं धरलं, तरी ते माझ्या शब्दांत कसं पडलं? खरं म्हणजे मला त्याची भीती वाटत नाही. राग येतो. माझ्या आईला जन्मात एकदा विमान मिळालं, कसं का मिळेना, आणि ती अख्खी चक्कर तिनं माझ्या पाठीकडे बघत काढली.