रिकामं आकाश

संस्थेत सगळे तिला ताई म्हणत. ताईपणाचा मान भरपूर, नोकरी मात्र करारावरची. एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषांतून येणारे गॅमा किरण वेगवान प्रोटॉनमुळेच निघतात, हे सिद्ध केलं तर कायम होण्याची आशा होती. नाहीतर यंदा करार संपला की हातात नारळ.

या कामात सगळी मदार वजाबाकीवर. अवशेषांच्या दिशेने आलेल्या किरणांतून शेजारच्या रिकाम्या आकाशातले किरण वजा करायचे. उरेल ते ताऱ्याचं. रिकामं आकाश कोणतं, हे विभागप्रमुख सरांनी फार पूर्वीच ठरवून टाकलेलं. ताईला सुरुवातीलाच शंका आली. भीतभीत ती त्यांच्या खोलीत गेली.

"सर, आपण रिकामं धरतो त्या आकाशात वायूचा ढग आहे. अवशेषांतून निसटलेले प्रोटॉन त्याच्यावर आदळत असतील, तर तोही गॅमा किरण देत असणार. मग आपण आपलंच वजा करतोय."

"तुला ना, सरळ चाललेल्या कामात खोट काढायची सवयच आहे," पेनाला टोपण लावत सर म्हणाले. "सांगितलंय तेवढं कर."

तिने केलं. पुन्हा तोंडातून ब्र काढला नाही. वर्षानुवर्षं उत्तर फिकट येत राहिलं, आणि सर तिच्याकडे असे बघायचे, जणू प्रोटॉन हिनेच लपवून ठेवलेत.

मग नवा संशोधक आला. सरांचा धाक त्याला अजून ठाऊक नव्हता. त्याने वजाबाकीसाठी सरळ दुसरी जागा घेतली. अवशेष उजळले, ढगही झळकला, पुरावा पडद्यावर लख्ख. "याला म्हणतात नजर!" भर सभेत सर म्हणाले आणि टाळ्या वाजवत सुटले. कायमची जागा एकच होती. ती कुणाला मिळणार, हे तिथेच ठरलं.

बाहेर चहाच्या मशीनपाशी त्यांनी ताईला गाठलं. "इतकी वर्षं याच आकड्यांत बसलीस. साधी शंका येऊ नये तुला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आली होती, सर. तुम्हाला सांगितलीही होती."

"असं? मला नाही आठवत."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने रोजच्यासारखंच विचारलं, "सापडलं का गं?"

"सापडलं."

आईने हातातली चादर टाकून तिला जवळ ओढलं. "बघ! आता कायम करतात की नाही तुला!"

"मला नाही गं सापडलं," ताई म्हणाली. "मला नुसतं ठाऊक होतं."