बनसोडे सरांचा पालीचा वर्ग

बनसोडे सरांना बुद्धवंदनेला बोलवायचं तर जेवण थंड होणार, हे धरूनच बोलवावं लागे. गृहप्रवेश असो की बारसं, सगळे हात जोडून तोंडपाठ पाली म्हणत असत आणि सर मध्येच हात वर करत. "थांबा. आत्ता काय म्हणालात, त्याचा अर्थ सांगा बरं." सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत. मग सर मांडी घालून शब्द न् शब्द फोडून सांगत आणि आत खीर गार होई. यजमान मनातून चिडत, पण जूनमध्ये त्याच घरातली मुलगी आमच्या कॉलेजात पाली घ्यायला येई. लोहाऱ्याकडच्या पोरी तर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून येत.

मी तिथंच संस्कृत शिकवते. आमचे वर्ग शेजारी, भांडण रोजचं. सर मूळचे ईट गावचे, बोलणं गावाकडचं, ते त्यांनी कधी बदललं नाही. "बाई, तुमची संस्कृत लई सोवळ्यातली. आमची पाली बघा. हत्थ म्हंजे हात, कण्ण म्हंजे कान, भत्त म्हंजे भात. डायरेक सैपाकघरात येऊन बसती!" मी म्हणे, "पण सर, थोरली बहीण कोण?" असं भांडता भांडता मी त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून पाली शिकले.

सरांचा वर्ग असा भरतो, हे आमच्या प्राचार्यांना खुपत होतं. एका वर्षी प्रवेशाच्या खिडकीशी ते स्वतः जाऊन बसले. पाली मागणाऱ्या प्रत्येक पोरीला म्हणाले, "त्यात काही भविष्य नाही, हिंदी घे." आणि महिन्याभरानं बैठकीत हाच माणूस सांगतो, विद्यार्थीच आले नाहीत, विषय बंद! सर तासिका तत्त्वावर होते, त्यामुळं विषयाबरोबर तेही बाहेर. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सरांनी आदळआपट केली नाही. त्यांचं घर प्राचार्यांच्या घरासमोरच. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर वर्ग सुरू झाला, फुकट. "आवाज चढवा गं पोरींनो, रस्त्याच्या पल्याड जाऊ द्या!" ऐन उन्हाळ्यात समोरची खिडकी धाडकन बंद होई आणि सरांचा चेहरा खुले. मी एकदा त्यांना डिवचलं, "सर, बुद्धांनी राग सोडायला सांगितलाय ना?"

"सांगितलाय की. सोडणार बी हाय. आधी कॉलेजात वर्ग सुरू हू द्या, मग सोडतो."

वर्ग काही सुरू झाला नाही. गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. राग सोबतच घेऊन गेले असणार, आणि मला विचाराल तर बरंच केलं.

शोकसभा कॉलेजच्या हॉलात झाली. प्राचार्यांनी फोटोला हार घातला, डोळ्याला रुमाल लावला आणि म्हणाले, "सर म्हणजे आपल्या कॉलेजचं भूषण. त्यांची जागा आता कोण भरणार?"

माझं डोकंच फिरलं. तरातरा व्यासपीठावर गेले. "मी भरते. जूनपासून पालीचा वर्ग लावा. संस्कृतचे तास सांभाळून मी शिकवते. आणि प्रवेशाच्या खिडकीशीही मीच बसणार."

"बघू ना बाई, नंतर बोलू."

"नंतर नाही. आत्ता, या सगळ्यांसमोर."

हॉल गच्च भरलेला. ओसरीवरच्या पोरी, त्यांचे आईबाप, सगळे प्राचार्यांकडं टक लावून बघत होते. त्यांनी घाम पुसला आणि जेमतेम मला ऐकू येईल असं म्हणाले, "लावू."

पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले, सावकाश उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"बाई, त्यांस्नी मायकात बोलाय सांगा. मागं ऐकू गेलं न्हाय."