धोंडूने न दाबलेलं बटण

आमच्या कांजूरमार्गच्या बिल्डिंगच्या गेटवर धोंडू परब सव्वीस वर्षं बसला. चाळ होती तेव्हा लाकडी स्टुलावर, चाळ पाडून सात मजले झाले तेव्हा प्लास्टिकच्या खुर्चीवर. बाकी काही बदललं नाही. तोच खाकी शर्ट, दाढेखाली तीच तंबाखूची गोळी, आणि पावलांवरून माणूस ओळखायची तीच सवय. मी मागून आले तरी मान न वळवता म्हणायचा, "काकी, उजवो गुडघो आज जास्तच बोलता हां."

माणूस मालवणकडचा. अठराव्या वर्षी मुंबईत आला आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. कुणी पाळीला आला नाही तर त्याच्या मागावर काम, नाहीतर आल्या पावली घरी. ज्या म्हाताऱ्या विणकराच्या हाताखाली तो शिकला, त्याला ठाऊक होतं की हाच उद्या आपला माग घेणार. तरी तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची, ते त्याने धोंडूला नीट शिकवलं. "बदल्याक खोटी गाठ शिकवूची नाय, काकी," धोंडू सांगायचा. "त्येका काय होवचा नाय, कापड फाटता." पुढे गिरण्याच गेल्या. माग भंगारात, आणि धोंडू फिरत फिरत आमच्या दारात.

त्याला ठेवून घेतलं वनमालाने. चाळीत ती माझ्या समोर राहायची, बिल्डिंग झाल्यावर चौथ्या मजल्यावरही समोरच आली. एकटी बाई. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि ठीक बाराला परत यायची. गेटवर थांबून पिशवीतला डबा धोंडूच्या हातात द्यायची. "धोंडू, आधी जेव. चोर थांबतील." शाळेचं काम सुटलं तरी बाराचं येणं सुटलं नाही, तेव्हा देवळातून यायची, एवढाच फरक.

गेल्या शिमग्याला धोंडू आठ दिवस गावी गेला. नेमकं त्याच आठवड्यात वनमालाला रिक्षात घालून हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथेच गेली, आणि तिथूनच परस्पर स्मशानात नेली. गेटवर तेव्हा एजन्सीचा बदली वॉचमन होता. त्याने मोबाइलातून मानसुद्धा वर केली नाही. धोंडू परत आला तेव्हा एकच विचारलं, "परत येताना तिका दार कोणी उघडल्यान?"

"अरे, ती परत आलीच नाही," मी म्हटलं.



दिवाळीनंतर गेटवर मशीन बसलं. काळा चौकोन, मधोमध एक डोळा. माणूस ओळखतं, बाईच्या गोड आवाजात नाव घेतं, छोटं दार उघडतं आणि ज्याच्या-त्याच्या मजल्यासाठी लिफ्टही बोलावून ठेवतं. आमचा सेक्रेटरी सुबोध, भला मुलगा, त्याने धोंडूला समजावलं.

"काका, पहिला महिना तुम्ही याला शिकवा. जो येईल त्याचं नाव मोठ्याने सांगायचं. दुसरा महिना याची परीक्षा. चुकलं की हे लाल बटण दाबा, तुमच्याच अंगठ्याने चालतं. दहा चुका निघाल्या तर मशीन परत, तुम्ही इथेच."

"आणि नाय निघाल्यो तर?"

सुबोध मशीनचे स्क्रू बघू लागला.

माझी नात नेत्रा अंधेरीच्या एका ऑफिसासाठी काम करते, त्यातले तीन दिवस घरून. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, आमचंही तेच आहे. आम्ही उत्तरं लिहितो, ती बघून मशीन शिकतं. आमच्यातले काही मुद्दाम उलटंसुलटं शिकवतात. काही म्हणतात, झकास, काम हलकं झालं. मी दोन्हीकडे मान हलवते." मग खाली जाऊन धोंडूला म्हणाली, "काका, थोडं गंडवा ना त्याला!"

धोंडू हसला. "खोटी गाठ मारू?"

आणि खरंच त्याने सगळं शिकवलं. दुसऱ्या मजल्यावरचे शिवदासभाऊ लंगडतात ते, तिसऱ्यावरची कमल हेल्मेट घालून आली तरी कमलच ते, मी काठी घेऊन वेगळी दिसते नि काठीशिवाय वेगळी, तेही. महिनाभरात ते मशीन मला माझ्या सुनेपेक्षा बरं ओळखू लागलं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी गेटजवळच्या बाकावर लसूण सोलत बसले होते. भर दुपार. आमच्या गावाकडे या वेळी पाणंदीतून एकटं कुणी जात नाही. बारा झाले. धोंडू खुर्चीतून उठला, तंबाखू थुंकून आला आणि सरळ उभा राहिला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"नमस्कार, वनमाला," मशीन म्हणालं.

छोटं दार कट्‌कन उघडलं. पिशवी सांभाळत म्हाताऱ्या बाईला आत यायला लागेल तेवढा वेळ उघडं राहिलं, मग मिटलं. तिकडे लिफ्ट वर निघाली.

माझ्या हातातल्या पाकळ्या खाली सांडल्या. लिफ्टने जायची छाती झाली नाही. गुडघ्याच्या शिव्या खात चार मजले चढले. लिफ्ट चौथ्यावरच होती. दार उघडं, आत दिवा, समोर वनमालाच्या दाराला कुलूप. लिफ्टमध्ये कुणी नव्हतं. मी बघत असतानाच दार सावकाश मिटलं.

मग ते रोजचंच झालं. कांजूरच्या कचरा-डेपोचा वास दुपारी वाऱ्यावर येतो, पण बाराला तोही थांबायचा. किंवा मीच श्वास धरून बसत असेन.

सुबोधने मशीनमध्ये साठवलेलं सगळं ऐकून काढलं. शिकवण्याच्या महिन्यात रोज दुपारी बाराला धोंडूचाच आवाज होता: "वनमालाबाय इली." तीस दिवस, तीस वेळा. "घर अजून तिच्या नावावर आहे, फोटो आपल्या फाईलमध्ये आहे. मशीनने जोडून टाकलं," सुबोध म्हणाला, आणि खरं सांगते, त्याचाच चेहरा खुलला. "काका, बरंच झालं की! रोजची एक चूक. दहा दिवस बटण दाबा, तुमची नोकरी पक्की. कंपनीला दाबलेलं बटण लागतं, बाकी काही नाही."

धोंडूने बटण दाबलं नाही.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. शिवदासभाऊ जाता-येता टोमणे मारायचे, "काय रे धोंड्या, बटणाला करंट आहे काय?" नेत्रा रोज खाली जाऊन विनवायची. तिला वाटत होतं, कुठेतरी एका माणसाने तरी मशीनला परत पाठवावं. म्हणजे आपलंही काही खरं आहे.

विसाव्या दिवशी मीच गेले. अजून दहा दिवस उरले होते. आजपासून रोज दाबलं असतं तरी दहा भरले असते. बारा वाजले. मशीनने नाव घेतलं, दार उघडलं, मिटलं.

"दाब रे मेल्या!" मी म्हटलं. "म्हातारपणी गावी जाऊन काय करशील?"

"काकी, चूक असती तर दाबलंय असतंय."

अंगावर काटा आला. "म्हणजे येते ती?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंतीवर घड्याळ असून मी वेळ विचारतेय. "तुमका पावला ऐकूक येनत नाय?"

"मला माझा गुडघा ऐकू येतो फक्त."

"मी गावाक गेलंय तेव्हा तिका दार उघडूक कोण नाय होता. आता ह्या उघडता. आणि मी त्येका सांगू, तू चुकलंस म्हणान?" त्याने बटणावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. "नोकरी जाव दे. तिचा दार बंद कशाक करू?"

महिना भरला. चुका शून्य. सुबोधने शाल घातली, नारळ दिला.  धोंडूने नारळ घेतला आणि जाताना मशीनसमोर ठेवला, गावी वेशीवरच्या राखणदार देवाला ठेवतात तसा. मग ट्रंक उचलून गेला. मागे वळून पाहिलं नाही.

सगळे म्हणाले, आता थांबेल. शिकवणाराच गेला.

दुसऱ्या दिवशी बाराला मी घराचं दार उघडून खुर्ची टाकून बसले. नेत्राने फोन गप्प केला आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. लिफ्टवरचा लाल आकडा हलला. एक. दोन. तीन. चार. दार उघडलं. आत दिवा, आणि कुणी नाही. नेत्राची बोटं माझ्या खांद्यावर गार पडली होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "आता तर त्याला कोणी सांगितलंसुद्धा नाही."

आठवड्याने धोंडूचा फोन आला. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, पहिला प्रश्न, "ती येता?"

"येते रे. रोज."

पलीकडे एक कोंबडी ओरडत होती. त्याने तिला हुसकलं. मग म्हणाला, "मगे ता बरोबर शिकला."

आता मी रोज बाराला दार उघडं ठेवते. भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण समोरासमोर चाळीस वर्षं काढली, दार लावून घेणं शोभत नाही. लिफ्ट उघडली की मी म्हणते, "वनमाला, आधी जेव गं."

दोन दिवसांपासून लिफ्टचं दार मिटायला थोडा जास्त वेळ घेतं. माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतं.