स्वागताला सगळे, गाडीत बाबा

आमच्या घाटावरच्या गावच्या मुंबईकरांचं मंडळ लालबागला गावकीच्या खोलीत भरतं. माझे बाबा चिटणीस. बैठकीचे विषय ठरलेले: देवळाचं शिखर, मग गावची बंद पडलेली छोटी रेल्वे, मग चहा. रेल्वेचा विषय निघाला की सभासदांना चहाची हमखास तलफ यायची. तरी बाबा दरवर्षी अर्ज धाडत राहिले. आजोबा गिरणीत लागायला निघाले ते तालुक्यापर्यंत त्याच गाडीने. पुढे एसटी आली, गूळ ट्रकने जाऊ लागला, गाडी सगळ्यांना नकोशी झाली आणि फलाटावर लोक मिरच्या वाळत घालू लागले.

आणि काय सांगू, गाडी पुन्हा मंजूर झाली! अट एकच. काही महिने चालवून बघणार, माणसं बसली नाहीत तर कायमची बंद.

मंडळात आनंदीआनंद. हार, पेढे, हलगी, सगळं ठरलं. आणि पहिल्या गाडीच्या स्वागताला जायला मंडळाने एसी बस ठरवली.

"अहो, गाडीनेच जाऊ या ना," बाबा म्हणाले.

"चिटणीस, आपन गाडीत बसलो तर स्वागत कोन करनार?" अध्यक्षांनी विचारलं.

बाबा फणकाऱ्याने आदल्या दिवशी एकटेच तालुक्याला निघाले, तिथून पहिली गाडी धरायला. मी बसमध्ये खिडकी पकडली.

गावच्या फलाटावर ही गर्दी! तीन डब्यांची गाडी डुलत आली, हलगी कडाडली, ड्रायव्हरच्या गळ्यात हार पडले. उतरलं कोण? पिशवी सावरत एकटे बाबा. मला हसू आवरेना. अध्यक्षांनी त्यांनाही हार घातला. बाबांनी तो काढून अध्यक्षांच्याच हातात दिला.

"नुसते हार कसले घालता? आत बसा! गाडी माणसं बघून ठेवणार आहेत, हार बघून नाही."

गावच्या बायका पोरांना घेऊन भराभर चढल्या, निदान तालुक्यापर्यंत तरी. मंडळाची माणसं बसकडे बघत उभी राहिली.

बाबा परत डब्यात चढले आणि दारातून मला म्हणाले, "येतेस ना? तालुक्याला मुंबईची गाडी मिळेल. उद्या दुपारपर्यंत घरी."

उद्या सकाळी मला ऑफिस होतं. तसं मी सांगितलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

गाडी हलली. फलाटावर सगळ्यांबरोबर मीही हात हलवला आणि मला माझी फार लाज वाटली.