पुलावर लावायचा बॅनर

बॅनरच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक एक तर आनंदात असतं, नाही तर घाईत. कुणाला नवं दुकान उघडायचं असतं, कुणाला सेल लावायचा असतो, कुणाचा साहेब निवृत्त होत असतो आणि त्याचा हसरा फोटो दारापेक्षा मोठा करून हवा असतो, तोही आजच संध्याकाळी. काउंटरमागे बसलेल्या ताई सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि मग आपले ठरलेले प्रश्न विचारत. कुठे लावणार? ऊन थेट येतं का? वारा कसा आहे? लोक चालत बघणार की गाडीतून? आणि किती दिवस टिकायला हवा?

बाई उगाच खोदून खोदून विचारते असं लोकांना वाटे. पण सगळं त्यावरच तर असतं. चार दिवसांच्या सेलला जाड फ्लेक्स घेणं म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं, आणि वर्षभर ठेवायची जाहिरात पातळ फ्लेक्सवर छापली की पहिल्याच वादळात तिच्या चिंध्या. उंचावर, वाऱ्याच्या तोंडाशी लावायचा तर जाळीचा फ्लेक्स बरा. वारा भोकांतून निघून जातो, बॅनर शिडासारखा फुगत नाही. हातभर अंतरावरून बघायचं असेल तर कापड, कारण ते दिव्याखाली चमकत नाही. ताई नमुन्याच्या तुकड्यांचा जुडगा गिऱ्हाईकाच्या हातात देत. ‘‘हात लावून बघा. नुसत्या डोळ्यांनी काही कळायचं नाही.’’

ताई दुकानात लागल्या तेव्हा तिथे टायपिंग चालायचं. टायपिंग गेलं, झेरॉक्स आलं, झेरॉक्स मागे पडलं तसं आतल्या खोलीत छपाईचं लांबलचक मशीन आलं. ताई मात्र त्याच खुर्चीवर राहिल्या. मालकांचं दुसरं मोठं दुकान होतं, ते इकडे फोनवरच यायचे. मशीनवाला दिवसभर कानात गाणी घालून बसायचा. त्याला हाक मारून उपयोग नसे, समोर जाऊन हात हलवावा लागे.

घरी तर हात हलवायलाही कुणी नव्हतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा भावाला लांबच्या गावी नोकरी लागली, आणि वडिलांचं करणं ताईंकडे आलं. लग्नाचं बघू, बघू म्हणता म्हणता बघणारेच उरले नाहीत. वडील गेल्यावर नातेवाईक म्हणाले, आता सुटलीस बाई. सुटली खरी, पण जायचं कुठे? एकटा जीव सदाशिव असं बोलायला सोपं असतं. एका माणसाचा स्वयंपाक कितीही कमी केला तरी उरतोच, आणि सकाळचं संध्याकाळी खाताना पातेल्याला चमचा लागल्याचा आवाज फार मोठा वाटतो. रविवारी भावाचा फोन येई. ‘‘बरी आहेस ना?’’ ‘‘बरी आहे.’’ त्या प्रश्नाला दुसरं उत्तर बसतच नव्हतं.

एका सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक म्हातारे गृहस्थ आत आले. उंच, पण खांद्यात वाकलेले. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक फोटो काढला आणि काउंटरवर अगदी हळू ठेवला. गोल चेहऱ्याची, भुवईवर तीळ असलेली बाई कुणाकडे तरी बघून हसत होती.

‘‘हिचा बॅनर करायचा आहे.’’

‘‘छान आहे फोटो,’’ ताई म्हणाल्या. ‘‘वाढदिवस का?’’

‘‘नाही. हरवली आहे.’’

ताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गृहस्थांना मात्र राग आलेला दिसला नाही. ते बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. बायकोची आठवण गेली काही वर्षं गळत चालली होती. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. परवा ते दूध आणायला खाली उतरले आणि दाराची कडी लावायची राहिली. परत येतात तो दार सताड उघडं. पोलिसांत कळवून झालं होतं. नदीवरच्या पुलावरून हिरव्या स्वेटरमधली एक बाई जाताना दिसली, असं कुणीतरी म्हणालं, तेवढाच धागा हाताला होता. म्हणून बॅनर पुलावर लावायचा.

ताईंनी मापं विचारली, मजकूर लिहून घेतला, आणि जिभेला वळणच पडलेलं, त्यामुळे तोंडून निघून गेलं, ‘‘किती दिवस टिकायला हवा?’’

ड्रायव्हरांनी वर बघितलं. ‘‘संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुष्कळ आहे हो. संध्याकाळी ती घरी आलेली असावी.’’ मग फोटोवरून अंगठा फिरवत म्हणाले, ‘‘पण फाटायला नको. तिचा फोटो आहे.’’

पूल म्हणजे वारा. ताईंनी डोळे मिटून जाळीचा फ्लेक्स सांगितला. मशीनवाल्यासमोर जाऊन हात हलवला, आधीची कामं बाजूला ठेवायला लावली, दोरी ओवायच्या रिंगा ठोकताना स्वतः उभ्या राहिल्या. दुपारच्या आत बॅनर पुलाच्या कठड्यावर चढलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पुन्हा दारात. ‘‘ताई, तुम्ही एकदा येऊन बघाल का? हिच्या तोंडाला भोकं पडल्यासारखी दिसतात.’’

इतकी वर्षं ताईंच्या हाताखालून बॅनर गेले, पण लावलेला बॅनर बघायला म्हणून त्या कधी गेल्या नव्हत्या. दुकान बंद करून त्या पुलावर गेल्या. बॅनर फाटला नव्हता, फुगलाही नव्हता. वारा आरपार जात होता, आणि वाऱ्यामागून उजेडही. सूर्य नदीवर कलला होता, त्याच्या तिरिपेत जाळीचं भोक न् भोक पेटलं होतं आणि त्या बाईचा चेहरा चाळणीसारखा विरून गेला होता. खाली ड्रायव्हरांचा फोन नंबर तेवढा ठळक दिसत होता. गाड्या सुसाट जात होत्या. एकही मान वळत नव्हती.

‘‘माझं चुकलं, दादा,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मी वाऱ्याचा विचार केला, उजेडाचा केलाच नाही.’’

‘‘मग जाड करायचा का?’’

‘‘जाड इथे टिकणार नाही.’’ ताई पुलाच्या टोकापर्यंत चालत गेल्या. तिथे पूल उतरतो, बसथांबा आहे, थांब्यामागे दगडी भिंत. वारा त्या भिंतीला वळसा घालून जात होता. बाकावर दोघीतिघी पिशव्या पायाशी ठेवून बसच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. ‘‘वहिनींना ओळखणारं माणूस गाडीतून जाणारं असेल कशावरून? इथे लोक थांबतात. थांबलेल्या माणसाला बघायला काहीतरी लागतंच. इथे लावू, डोक्याच्या उंचीवर. आणि कापडावर छापू. पाऊस लागला तर रंग जरा उतरेल, पण चेहरा चेहऱ्यासारखा दिसेल.’’

कापडी बॅनरच्या कडा ताईंनी स्वतः शिवून घेतल्या. दोरीचं एक टोक ड्रायव्हरांनी ओढलं, दुसरं ताईंनी. मशीनवाला नुसता सोबत आला होता, पण बॅनर ताणून झाल्यावर त्याने कानातलं काढलं आणि म्हणाला, ‘‘आज्जी एकदम समोर बसल्यासारख्या वाटतात.’’ हे त्याचं महिन्यातलं सर्वांत लांब वाक्य असावं.

त्यानंतर ताई घरी जाताना वाट वाकडी करून थांब्यावरून जाऊ लागल्या. निमित्त बॅनरवरची धूळ पुसायचं. ड्रायव्हर तिथे असायचेच. दोघं बाकावर बसत आणि ड्रायव्हर बोलत. लग्नाआधी ही त्यांच्याच बसने जायची, बरोबर त्यांच्या मागच्या सीटवर बसायची. पण समोर पाटी होती, चालकाशी बोलू नये. ‘‘पाटीचा शब्द खाली पडू दिला नाही हिने. सगळा रस्ता गप्प. शेवटच्या थांब्यावर उतरली की मग जी सुरुवात व्हायची, ती माझी परतीची वेळ झाली तरी संपायची नाही. माझ्या साहेबाने विचारलं, गाडी उशिरा का सुटते? मी म्हटलं, प्रवासी उतरत नाहीत.’’

ताई मोकळेपणी हसल्या, आणि हसताना आपला आवाज आपल्यालाच ओळखू आला नाही.

‘‘तुमची कुणी वाट बघत नसेल ना घरी?’’ एकदा ड्रायव्हरांनी विचारलं. ‘‘माझ्यामुळे खोळंबा नको.’’

‘‘नाही,’’ ताई म्हणाल्या. ‘‘कुणी नाही.’’

त्या संध्याकाळी घरी जाताना मात्र हा विचार त्यांची पाठ सोडेना. आपण अशाच दार उघडून चालत सुटलो तर? मशीनवाल्याला वाटेल, भावाकडे गेल्या असतील. मालक फोनवर म्हणतील, दुसरं कुणी बघा. रविवारी भाऊ फोन करील, उचलला नाही तर म्हणेल, अंघोळीला गेली असेल, आणि पुढच्या रविवारी पुन्हा करील. बॅनर कोण लावणार? आणि फोटो कुठला घेणार? सगळ्या फोटोंत त्या कुणाच्या तरी खांद्यामागे, नाही तर कडेला अर्ध्या कापलेल्या. ताईंनी दिवा लावला, खिडकी लावली, उगाचच पुन्हा उघडली.

बाई सापडली ती कापडामुळेच, की नशिबामुळे, कोण सांगणार. शेजारच्या गावातल्या निराधारांच्या आश्रमात स्वयंपाक करणारी एक मावशी होती. कुणीतरी रस्त्यावरून आणून सोडलेल्या, नावगाव न सांगणाऱ्या एका म्हातारीला ती रोज जेवू घालत होती. बहिणीकडे आलेली ही मावशी परतीच्या बससाठी थांब्यावर बसली. बस उशिरा आली. तिने आधी भुवईवरचा तीळ ओळखला, मग ते हसू.

ड्रायव्हर धावत दुकानात आले. त्यांनी नुसते दोन्ही हात वर केले. मशीनवाल्याला मिठी मारली, त्याला आधी कशाची ते कळेना. तेवढ्यात त्यांची मुलगी गाडी घेऊन आली. आई हरवल्याची खबर लागताच ती दूरच्या शहरातून आली होती आणि तेव्हापासून गावोगाव शोधत फिरत होती. ‘‘बाबा, चला लवकर.’’ गाडीचं दार लागलं. ताई दुकानाच्या पायरीवर हातात मोजपट्टी धरून उभ्या राहिल्या. आपल्यालाही बोलावतील असं त्यांना क्षणभर वाटलं होतं. का वाटावं?

पण रविवारी बोलावणं आलं. ताई गेल्या. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. नवरा चहा घेऊन आला तर त्यांनी परक्या माणसाला म्हणावं तसं ‘‘ठेवा तिथे’’ म्हटलं. आणि ताई दारात दिसल्या मात्र, त्यांचा सगळा चेहरा उजळला.

‘‘धाकटे! किती गं वेळ केलास!’’

ड्रायव्हर हळूच पुटपुटले, ‘‘धाकटी म्हणजे हिची बहीण. ती जाऊन खूप वर्षं झाली.’’ ते खजील झाले होते. ‘‘तुम्ही मनावर घेऊ नका.’’

ताई पुढे झाल्या आणि वहिनींच्या शेजारी टेकल्या. ‘‘रस्त्यात गर्दी होती गं,’’ त्या म्हणाल्या.

मग दर रविवारी ताई जाऊ लागल्या. वहिनी त्यांना समोर बसवत, केस सोडत आणि कंगवा घेऊन विंचरत. ‘‘किती पिकलीस गं! तेल लावत नाहीस ना? मला माहीत आहे, तू आळशीच.’’ ताई डोळे मिटून बोलणी खात. आई गेल्यापासून त्यांच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. ड्रायव्हर तेवढ्या वेळात निवांत डुलकी काढत. त्यांचाही तो एकच सुटीचा दिवस होता.

एकदा रात्री भावाचा फोन आला. ‘‘दुपारी दोनदा केला. होतीस कुठे?’’

‘‘बहिणीकडे.’’

‘‘कुठली बहीण?’’

‘‘आहे एक,’’ ताई म्हणाल्या. भाऊ हसला, हिचं वय झालं असं त्याला वाटलं असावं.

पुढे मुलीने ठरवलं ते योग्यच होतं. ‘‘माझ्याच्याने एकट्याने निभत नाही, ताई,’’ ड्रायव्हर म्हणाले. ‘‘रात्री उठून कडी चाचपत बसतो. पोरगी म्हणते, दोघं माझ्याकडे या.’’

‘‘जायलाच हवं,’’ ताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

निघायच्या दिवशी त्या मदतीला गेल्या. भांडी कागदात गुंडाळली, वहिनींचा हिरवा स्वेटर वर ठेवला, गाडीत थंडी वाजली तर असावा म्हणून. वहिनी गाडीत बसल्या, पण ताईंचा हात सोडेनात.

‘‘तू पण चल ना. जागा आहे की.’’

‘‘आई, त्यांना काम असतं,’’ मुलगी मऊ आवाजात म्हणाली आणि आईचं एकेक बोट सोडवू लागली.

‘‘मी येते मागून,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तू हो पुढे.’’

पोचल्याचा ड्रायव्हरांचा फोन आला. नंतर एकदा आला, तेव्हा वहिनी झोपल्या होत्या. मग मुलीचा निरोप आला की आईला आता बोलणं फारसं कळत नाही. त्यात कुणाचा दोष नव्हता. नव्या घराचे व्याप असतात, आणि ताई तरी त्यांच्या कोण होत्या?

रविवार आला की ताईंना घरात थारा नसे. कपडे धुतले, कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. शेवटी एका रविवारी त्या पुलाच्या टोकाशी जाऊन बसमध्ये चढल्या आणि शेजारच्या गावी उतरून आश्रमाची वाट विचारत गेल्या. लांबट व्हरांडा होता. कडेने म्हाताऱ्या बायका उन्हाला पाय करून बसल्या होत्या. एकीने डोळ्यांवर हात धरला. ‘‘कुणाच्या हो तुम्ही?’’

‘‘कुणाची नाही,’’ ताई म्हणाल्या. ‘‘सहज आले.’’

म्हातारीने तोंड फिरवलं. तिची कुणाची तरी वाट बघणं चाललं होतं, आणि ते माणूस हे नव्हतं. बाकीच्यांपैकी कुणीही ताईंना ओळखल्यासारखं बघितलं नाही. कुणी धाकटे म्हणून हाक मारील अशी आशा धरून आपण इथवर आलो, हे ताईंना त्या उन्हात उभं राहून लख्ख कळलं, आणि परतीची बस केव्हा असेल याचा त्या विचार करू लागल्या.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी आली. कमरेला ओला पंचा, हातात मटारांची भली मोठी टोपली. तिने ताईंना खालून वर न्याहाळलं.

‘‘सहज आलात? मग बरंच झालं. माझी मदतनीस आज आली नाही. मटार सोलता येतात ना?’’

‘‘येतात.’’

‘‘मग बसा तिकडे. किडके बाजूला काढा, आणि खाऊ नका, पुरणार नाहीत.’’

ताईंनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि टोपली पुढ्यात ओढली.