रणगाड्याचं मशीन

ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आत पाच-सहा मशीनं, त्यातलं एक रणगाड्याचं. बाकीच्या मशीनना समोर उघडा पडदा असायचा, याला मात्र दुर्बिणीसारखी खोबण होती. तिला डोळे लावून उभं राहायचं आणि दोन हातांत दोन दांडे धरायचे. दोन्ही ढकलले की रणगाडा पुढे जायचा, एक पुढे आणि एक मागे केला की वळायचा. आत नुसता काळोख आणि हिरव्या रेषा. डोंगर रेषांचे, ठोकळे रेषांचे, आणि त्या ठोकळ्यांआडून येणारा शत्रूचा रणगाडाही रेषांचाच. त्याचा गोळा लागला की समोरची काच तडकल्यासारखी दिसायची.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. मी नववीत होते. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. आम्ही कळव्याला चाळीत राहायचो. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो मला घेऊन ठाण्याला जायचा. दुकानात मुलगी मी एकटीच. पोरं वळून बघायची, पण दादा सोबत म्हटल्यावर कुणी काही बोलायचं नाही. त्या मशीनवर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या मे महिन्यात कंपनीत एका पाइपचा जोड निसटला आणि कॉस्टिक सोड्याचा फवारा त्याच्या तोंडावर आला. चेहऱ्यावरचे डाग पुढे फिके झाले. डावा डोळा गेला तो गेलाच.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग हळूहळू उठून कामं करायला लागला. तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना धार बाहेर पडायची. "हात ओला होता," तो म्हणायचा. आई यायच्या आत मी फडक्याने पुसून घ्यायचे. जिना उतरताना शेवटच्या पायरीपाशी तो पायाने जमीन चाचपायचा. कंपनीने त्याला गेटवर वॉचमन म्हणून ठेवायची तयारी दाखवली, पण तो गेला नाही. "बाविसाव्या वर्षी काठी घेऊन गेटवर बसू?" असं तो बाबांना म्हणाला.

नवरात्रात टेंभी नाक्याची गर्दी बघायला म्हणून आम्ही बाहेर पडलो आणि त्या दुकानात शिरलो. दादाने खोबणीला तोंड लावलं. मी शेजारी उभी राहून मोजत होते. पहिला रणगाडा त्याने उडवला, मग दुसरा, मग मोजायचं मी सोडून दिलं. मागे पोरं जमली. त्या दिवशी त्याने स्वतःचाच सगळ्यात मोठा स्कोअर मोडला. बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला होता आणि कित्येक महिन्यांनी तो हसत होता.

"बघितलंस? डॉक्टर बोलतात, लांब-जवळ कळणार नाही. तो टँक किती लांब आहे ते कळलं की नाही मला?"

"कळलं," मी म्हणाले.

मामाचा टेंपो होता. कल्याणहून माल भरायचा आणि शीळफाट्यावरून नवी मुंबईच्या कारखान्यांत टाकायचा. त्याचे गुडघे दुखायला लागले होते आणि तो ड्रायव्हर शोधत होता. दादा त्याच टेंपोवर गाडी शिकलेला. लायसन्स डोळा जायच्या आधीचं, त्याची मुदत अजून बरीच बाकी होती. मामा आमच्याकडे आला आणि मला जिन्यात बाजूला घेऊन बसला.

"तू सारखी त्याच्याबरोबर असतेस. खरं सांग, दिसतं ना त्याला नीट?"

त्याच सकाळी मी जमिनीवरचं पाणी पुसलं होतं.

"दिसतं मामा. गेमच्या मशीनवर टँक चालवतो ना, पहिल्यापेक्षा भारी."

"मशीनवर?"

"हो. कुठे आपटत पण नाही."

"मग झालं," मामा म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उठला.

मी खोटं बोलले असं तेव्हा मला वाटलं नाही. दादाने गेटवर बसू नये एवढंच मला हवं होतं. आणि त्या खोबणीत तोंड घालून उभा असलेला दादा मी डोळ्यांनी पाहिला होता.

बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. तेराव्या दिवशी शीळफाट्याच्या अलीकडे, सकाळी दहाच्या लख्ख उन्हात, रस्त्याच्या कडेला सळ्यांनी भरलेला एक ट्रक बंद पडला होता. सळ्या मागे हातभर बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेलं. टेंपो डाव्या बाजूने त्यांच्यात घुसला. डाव्या बाजूला मामा बसला होता. तो जागच्या जागी गेला.

दादाला कपाळावर चार टाके पडले, बाकी काही नाही. हॉस्पिटलच्या बाकावर हवालदार त्याला विचारत होता आणि मी बाबांचा हात धरून उभी होते. दादा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "फडकं दिसलं मला साहेब. किती लांब आहे ते कळलं नाही."

विहारातली माणसं आली, वंदना झाली. मामी रडली नाही. तिने दादाला जवळ बोलावून पाणी प्यायला दिलं.

केससाठी डोळ्यांच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागलं, तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले. दादाने त्यांना मशीनचं सांगितलं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आधी माझ्या हातात पेनाचं टोपण दिलं, एक डोळा मिटायला लावला आणि समोर धरलेल्या पेनाला ते लाव म्हणाले. माझा हात बाजूने गेला.

"गेमचा पडदा सपाट असतो," ते म्हणाले. "तिथे लांब असं काही नसतं. लांबचं फक्त लहान काढलेलं असतं. त्याला एक डोळा पुरतो."

दादाने ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर, रिक्षा करायची की चालायचं, एवढंच विचारलं.

केस बरीच वर्षं चालली. ट्रकवाल्याने त्या फडक्याशिवाय मागे रस्त्यावर ना दगड लावलेले, ना दुसरी कसली खूण ठेवलेली, त्यामुळे शेवटी दादा सुटला. तोवर तो डोंबिवलीच्याच दुसऱ्या एका कंपनीत वॉचमनला लागला होता. गेमच्या दुकानाचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही, मीही नाही.

माझं लग्न होऊन मी कल्याणला आले. मुलगी झाली तेव्हा दादा बघायला आला. घरात आम्ही दोघंच होतो. बाळ त्याच्या मांडीवर झोपलेलं. मी त्याला जिन्यातलं बोलणं सांगितलं, मामाने काय विचारलं आणि मी काय म्हणाले ते.

"माहितीये," तो म्हणाला. "मामाने चावी देतानाच सांगितलेलं. पोरगी सांगते तुला दिसतं म्हणून देतोय, असं बोलला."

"मग इतकी वर्षं गप्प का राहिलास?"

"तुला काय बोलणार? पहिल्याच दिवशी कल्याणच्या पुलावर एका बसला घासता घासता वाचलो. मामाचा तेव्हा डोळा लागलेला. तेव्हाच कळलेलं मला, जमत नाही ते. त्याला उठवून सांगितलं नाही."

बाळाला माझ्याकडे देऊन तो शर्ट नीट करत उठला. त्याची सेकंड शिफ्ट होती.

मामीला आम्ही दोघांनीही यातलं काहीच सांगितलेलं नाही. ती अजून त्या ट्रकवाल्याला शिव्या देते, आणि दादा तिच्यासमोर बसून ऐकतो.